पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं? मानसशास्त्रातला पहिला प्रयोग रचताना

बडोद्यात मानसशास्त्राला नव्यानं आलेल्या मुलांची अडचण मी बरीच वर्षं पाहत आले आहे. स्वतंत्र चल, अवलंबी चल, नियंत्रित गट या व्याख्या पाठ होतात, परीक्षेत मार्कही मिळतात. पण समोर खरा माणूस बसला आणि प्रयोग आपणच रचायचा म्हटलं की हात अडतो. म्हणून या लेखात व्याख्यांची यादी देत नाही. एकच साधा प्रयोग घेऊन तो पहिल्या प्रश्नापासून अहवालापर्यंत नेऊ. घरी, मंडळाच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजच्या रिकाम्या वर्गात तो करता येतो. कागद, पेन आणि घड्याळाखेरीज काही लागत नाही.

प्रश्न लहान करा

'अभ्यास कसा करावा?' या प्रश्नावर प्रयोग होत नाही, त्यावर व्याख्यान होतं. प्रयोगाचा प्रश्न असा हवा: एखादा परिच्छेद एकदा वाचून झाल्यावर तोच पुन्हा वाचला, किंवा पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला, तर आठवड्यानंतर कशानं जास्त लक्षात राहतं? दोन पद्धती ठरल्या, मधला काळ ठरला आणि शेवटी काय मोजायचं तेही ठरलं.

आपल्या घरांत हा प्रश्न जुनाच आहे. संध्याकाळी परवचा घेणारे आजोबा 'वाच' म्हणत नसत, 'म्हणून दाखव' म्हणत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मुद्दे आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पाच मिनिटांचीच परीक्षा घेऊन कुणी थांबलं असतं, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. कधी मोजायचं हा प्रश्नसुद्धा रचनेचाच भाग असतो, तो इथे दिसतो.

आता हा प्रश्न विधानाच्या रूपात लिहा: 'आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्या गटाचे गुण पुन्हा वाचणाऱ्या गटापेक्षा जास्त असतील.' ही झाली परिकल्पना. 'दोन्ही गटांत फरक नाही' हे विधान म्हणजे शून्य परिकल्पना. विधान असं हवं की ते खोटं ठरू शकेल. 'आठवण्याचा काहींना फायदा होतो' हे विधान कधीच खोटं ठरणार नाही, म्हणून ते प्रयोगाला निरुपयोगी आहे.

आधी सर्वेक्षणाचा मोह टाळा

नवख्या मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा गूगल फॉर्म येतो. शंभर मुलांना विचारू की तुम्ही अभ्यासात स्वतःची चाचणी घेता का, आणि मार्क किती पडले. समजा दोन्हींचा संबंध निघाला. तरी त्यातून एवढंच कळेल की या दोन गोष्टी बरोबरीनं चालतात. हंसा मेहता ग्रंथालयात तास न् तास बसणारं, शिस्तीचं मूल स्वतःची चाचणीही घेत असेल आणि मार्कही मिळवत असेल, तर दोन्हींच्या मागे शिस्त असू शकते. दोन गोष्टी अशा बरोबरीनं चालण्याला सहसंबंध म्हणतात. कारण शोधायचं तर कोण काय करणार हे सहभागींच्या मर्जीवर सोडून चालत नाही, ते आपण ठरवावं लागतं. प्रयोग आणि सर्वेक्षण यांतला मुख्य फरक हाच आहे.

याचा अर्थ सर्वेक्षण हलकं असा नाही. वय, लिंग, शाळेचं माध्यम या गोष्टी आपण कुणाला 'देऊ' शकत नाही. तिथे निरीक्षण आणि सहसंबंध यांवरच भागवावं लागतं. मात्र मग अहवालात 'मुळे' हा प्रत्यय जपून वापरायचा. 'गुजराती माध्यमामुळे स्मरण कमी' असं वाक्य कुठल्याही सर्वेक्षणातून लिहिता येत नाही.

काय बदलायचं, काय मोजायचं

आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल. इथे ती अभ्यासाची पद्धत आहे आणि तिचे दोन स्तर आहेत: पुन्हा वाचणं, आठवून लिहिणं. आपण मोजतो ते अवलंबी चल, म्हणजे आठवड्यानंतर आठवलेले मुद्दे. बाकीचं सगळं दोन्ही गटांत सारखं ठेवायचं. म्हणायला सोपं आहे, पण खरं डोकं इथेच लागतं.

पहिली गोष्ट वेळ. दोन्ही गटांनी परिच्छेद सात मिनिटं वाचायचा. मग एका गटानं आणखी सात मिनिटं तो वाचायचा, दुसऱ्यानं कोऱ्या कागदावर सात मिनिटं लिहायचं. आठवणाऱ्या गटाला 'होईल तेवढा वेळ घ्या' म्हटलंत तर जास्त वेळ हेच कारण असू शकतं. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: माझ्या स्वतंत्र चलाखेरीज या दोन गटांत आणखी काय वेगळं आहे? असा चोरपावलानं आत आलेला दुसरा फरक म्हणजे कन्फाउंड. प्रयोग बहुतेक वेळा यानंच बुडतात.

आपल्या प्रयोगातही एक दडलेला आहे. आठवून लिहिणारा गट हातानं लिहितो, दुसरा गट लिहीतच नाही. मग फायदा आठवण्याचा की लिहिण्याचा? हे वेगळं काढायचं असेल तर तिसरा गट घ्या, जो सात मिनिटं परिच्छेद बघून उतरवून काढेल. पहिल्या प्रयोगात तिसरा गट झेपत नसेल तर नका घेऊ. पण अहवालात ही शंका आपणहून मांडा.

दुसरी गोष्ट परिच्छेदाचा विषय. बडोद्यात कुणी सयाजीराव महाराजांवरचा उतारा घेतला तर अर्धे मुद्दे मुलांना आधीच ठाऊक असतात. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, हे इथल्या मराठी घरात कुणालाही सांगता येतं. मग ते वाचून लक्षात राहिलं की आजीकडून ऐकून, हे कळायला मार्ग नाही. विषय असा घ्या की सगळेच सारखे अनभिज्ञ असतील. मला समुद्री जीवांवरचे उतारे सोयीचे वाटतात.

वाटप: इथे घाई करू नका

सगळ्या लेखातून एकच भाग घ्यायचा असेल तर हा घ्या. कोण कुठल्या गटात जाणार हे तुम्ही ठरवायचं नाही, सहभागींनीही ठरवायचं नाही. ते चिठ्ठीनं ठरवायचं. याला यादृच्छिक वाटप म्हणतात.

आधी चुकीचे मार्ग सांगते, कारण ते अगदी साधे आणि सोयीचे वाटतात. पहिले वीस आले ते एका गटात, नंतरचे वीस दुसऱ्यात. पण वेळेवर येणारे बहुधा अभ्यासातही नेटके असतात. दांडिया बाजारातल्या मंडळाची मुलं एका गटात, कारेलीबागेतली दुसऱ्यात. पण वस्ती वेगळी म्हणजे शाळा, माध्यम, घरची परिस्थिती असं बरंच काही वेगळं असू शकतं. 'हुशार मुलं दोन्हीकडे सारखी वाटून टाकते' हा त्यातला सर्वांत धोकादायक मार्ग. तुम्हाला हुशारी दिसते, पण झोप, घरची काळजी, चष्म्याचा नंबर दिसत नाही. चिठ्ठीची ताकद यात आहे की तुम्हाला ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले सगळेच फरक ती दोन्हीकडे विखुरते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात जमिनीच्या तुकड्यांवर काम करताना हा विचार पक्का केला आणि १९३५ च्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात तो सविस्तर मांडला.

चिठ्ठीत योगायोग असतो, आणि थोडी माणसं असली की योगायोग महागात पडतो. त्यासाठी एक उपाय आहे आणि बडोद्यात तो फार उपयोगी पडतो. इथल्या मराठी घरातली बरीच मुलं घरात मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, पण सलग मराठी उतारा वाचायला काहींना वेळ लागतो. सात मिनिटांत एकाचा उतारा दोनदा वाचून होतो, दुसऱ्याचा जेमतेम एकदा. चिठ्ठ्यांच्या लहरीनं गुजराती माध्यमाची जास्त मुलं एकाच गटात गेली तर आकडे वाकडे होतील. म्हणून आधी माध्यमानुसार कप्पे करा. गुजराती माध्यमाची सोळा मुलं असतील तर सोळा चिठ्ठ्या, आठ 'वाचा' आणि आठ 'आठवा', एका डब्यात. इंग्रजी माध्यमाचा डबा वेगळा. प्रत्येक कप्प्यातलं वाटप चिठ्ठीनंच होतं, पण कप्पा दोन्ही गटांत सारखा विभागला जातो. उत्तर कुठल्याही लिपीत, मराठीत किंवा गुजरातीत लिहायची मुभा द्या. आपण स्मरण मोजतोय, शुद्धलेखन मोजत नाही.

डब्याऐवजी एक्सेलही चालतं. प्रत्येक नावापुढे 'रँड' सूत्रानं आकडा काढायचा, तो मूल्य म्हणून चिकटवून पक्का करायचा, त्या क्रमानं प्रत्येक कप्प्याची यादी लावायची आणि वरची अर्धी नावं एका गटात, खालची अर्धी दुसऱ्यात टाकायची. चिठ्ठी पाकिटात बंद ठेवा आणि संमतीची सही झाल्यावरच उघडा. नाहीतर 'ही जरा आळशी आहे, हिला पुढच्या चिठ्ठीची वाट पाहू दे' असं मन नकळत करतं.

एक गल्लत इथेच दूर करू. यादृच्छिक निवड वेगळी आणि यादृच्छिक वाटप वेगळं. निवड म्हणजे सगळ्या बडोद्यातून चिठ्ठीनं माणसं घेणं, जे आपल्याला बहुधा शक्य नसतं. वाटप म्हणजे जी माणसं मिळाली त्यांना चिठ्ठीनं गटांत टाकणं, जे नेहमीच शक्य असतं. वाटप नीट असेल तर 'पद्धतीमुळे फरक पडला' म्हणता येतं. पण तो फरक सगळ्या माणसांना लागू आहे असं म्हणायला निवड लागते. जोसेफ हेनरिख आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजातल्या माणसांवरून काढलेले आहेत आणि ते सगळ्या जगावर लादता येत नाहीत. आपल्या कॉलेजच्या चाळीस मुलांवरून 'भारतीय तरुण' म्हणतानाही तोच संयम पाळावा.

नवरात्राच्या आठवड्यात मोजू नका

रचना कागदावर निर्दोष असली तरी तारखा ती बिघडवतात. समजा एका गटाचं आठवड्यानंतरचं मोजमाप नवरात्राच्या आधी झालं आणि दुसऱ्याचं नवरात्रात. बडोद्यात रात्रभर गरबा खेळून सकाळी आलेल्या मुलाच्या स्मरणाबद्दल काही बोलायलाच नको. दोन गटांतला फरक मग झोपेचा होईल. दोन्ही गट एकाच दिवशी, शक्यतो एकाच वेळी घेतले तर निदान त्रास दोघांना सारखा होतो. त्याहून बरं म्हणजे नवरात्र, उत्तरायण आणि परीक्षेचे दिवस टाळूनच तारखा लावणं.

भावंडांची अडचणही लक्षात घ्या. एकाच घरातली दोन भावंडं वेगवेगळ्या दिवशी आली तर पहिलं दुसऱ्याला सगळं सांगून ठेवतं. एका घरातून एकच सहभागी घ्या.

शिवाय प्रयोग करणाऱ्याचा स्वतःचा प्रभाव असतो. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून प्रसिद्ध होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ च्या सुमारास तपासलं, तेव्हा दिसलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि मानेत किंचित हालचाल होते आणि घोडा ती पाहून थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सची गणितं चुकत. रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ साली विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले आणि त्यातले काही 'हुशार' आहेत असं सांगितलं. त्या विद्यार्थ्यांच्या नोंदींत ते उंदीर खरोखरच चक्रव्यूह लवकर शिकले. म्हणून सूचना तोंडी देऊ नका, कागदावरून जशाच्या तशा वाचून दाखवा. आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मैत्रिणीला कुठली पत्रिका कुठल्या गटाची हे कळू देऊ नका. पत्रिकेवर नाव नको, फक्त क्रमांक.

मोजमापाची पट्टी

उताऱ्यात एक वाक्य आहे असं धरू: 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, त्यांतली दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं.' यात मुद्दे किती? माझ्या हिशेबानं तीन: हृदयं तीन आहेत, दोन कल्ल्यांसाठी आहेत, तिसरं बाकी शरीरासाठी आहे. संपूर्ण उताऱ्याचे असे तीस मुद्दे आधी लिहून काढा. आता एका मुलीनं लिहिलं, 'त्याला दोन-तीन हृदयं असतात.' गुण द्यायचा का? दुसऱ्यानं लिहिलं, 'त्याला जास्त हृदयं असतात आणि एक कल्ल्यांसाठी असतं.' हे प्रश्न पत्रिका हातात आल्यावर सोडवायला बसलात तर मूड, दमणूक, आपल्याला हवं असलेलं उत्तर, सगळं त्यात उतरतं. नियम आधी लिहा: आकडा नेमका असेल तरच गुण, शब्द वेगळे चालतील, लिपी कुठलीही चालेल.

मग काही पत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासा आणि गुण ताडून पाहा. दोघांचे गुण जवळ आले तर मोजमापात विश्वसनीयता आहे. पण विश्वसनीय पट्टी चुकीची गोष्टही तितक्याच नेमकेपणानं मोजू शकते. आपण जे मोजायचं म्हणतो तेच मोजतोय का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. सहभागींना 'तुम्हाला किती लक्षात राहील असं वाटतं?' विचारून ते स्मरणाचं माप म्हणून वापरता येत नाही. वर सांगितलेल्या २००६ च्या अभ्यासातही पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास जास्त होता, आणि आठवड्यानंतर त्यांनाच कमी आठवलं.

परक्या पट्टीचा प्रश्न बडोद्याला नवा नाही. बाळ कधी बसतं, कधी वस्तू शोधतं, कधी शब्द बोलतं याचे अमेरिकेतले निकष इथल्या बाळांना तसेच लावता येत नव्हते. प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बाळांची वाढ मोजणाऱ्या बेली चाचणीवर आधारित काम करून जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या भारतीय बाळांसाठी निकष तयार केले. ते 'बडोदा नॉर्म्स' म्हणून ओळखले जातात, आणि १९९१ साली आलेली तपासणीची छोटी चाचणीही बडोद्याच्याच नावानं आहे. आपल्याच विद्यापीठात पट्टी अशा कष्टानं तयार झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. इंटरनेटवरून इंग्रजी प्रश्नावली उतरवून तिचं रातोरात मराठी करणाऱ्यांनी हे काम जरूर पाहावं.

तीच माणसं की वेगळी?

वेगळ्या माणसांच्या दोन गटांऐवजी एकाच माणसाकडून दोन्ही पद्धती करून घेता येतात. फायदा मोठा आहे. एकाची स्मरणशक्ती दुसऱ्यापेक्षा मुळात चांगली असण्याचा गोंधळ उरत नाही, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. पण क्रमाचा परिणाम येतो: दुसऱ्या वेळी माणूस सरावलेला किंवा कंटाळलेला असतो. त्यावर उपाय प्रतिसंतुलन. दोन उतारे घ्या. काहींना आधी वाचणं मग आठवणं, काहींना उलट. काहींना आधी ऑक्टोपस, काहींना आधी दुसरा उतारा. दोन क्रम गुणिले दोन उतारे म्हणजे चार मांडण्या होतात, म्हणून सहभागींची संख्या चारच्या पटीत ठेवा.

एक खाच मात्र बघा. त्याच मुलाची पाच मिनिटांनीही आणि आठवड्यानंतरही परीक्षा घेऊ नका. पाच मिनिटांची परीक्षा म्हणजेच आठवण्याचा सराव. मग वाचणारा गट वाचणारा राहत नाही. पहिल्या प्रयोगात फक्त आठवड्यानंतरचं मोजमाप घ्या.

किती माणसं

'तीस पुरेत' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण त्याला आधार नाही. किती लागतील हे आपण शोधतोय तो फरक किती मोठा आहे यावर अवलंबून असतं. जेकब कोहेन यांच्या प्रचलित मापानं मध्यम फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती विखुरलेत त्याचं माप), असेल आणि तो खरोखर असल्यास सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक मोठा, ०.८ एवढा, असेल तर २६ पुरतात. तीच माणसं दोन्ही पद्धतींत घेतली आणि फरक त्या रचनेच्या मापानं मध्यम असला तर एकूण सुमारे ३४. विद्यार्थ्यांना मी म्हणूनच दुसरी रचना सुचवते. प्रत्येक गटात दहा माणसं घेऊन 'फरक आढळला नाही' असं लिहिणं वाचकाची दिशाभूल आहे, कारण तिथे फरक असता तरी तो बहुधा दिसला नसता.

संमती

सहभागीला आधी सांगायचं: काय करायचं आहे, किती वेळ लागेल, आठवड्यानं पुन्हा यावं लागेल, कुठल्याही क्षणी उठून जाता येईल, नाव कुठे छापलं जाणार नाही. मग सही. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत पालकांची संमती लागतेच, शिवाय मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यावर स्पष्ट आहेत. कॉलेजचं काम असेल तर विभागाची किंवा नीतिसमितीची मंजुरी आधी घ्या, नंतर नाही. आपल्या ओळखीतल्या काकू, मावशी 'तू म्हणतेस तर बसते' म्हणून तयार होतात. ती माया आहे, संमती नव्हे. त्यांनाही कागद वाचायला द्या.

जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० साली एका तान्ह्या मुलात भीती निर्माण केली आणि ती काढून न टाकताच प्रयोग संपवला. आज असा प्रयोग कुठलीही समिती मंजूर करणार नाही. शेवटी सहभागीला प्रयोगाचा हेतू समजावून सांगणं ही नुसती औपचारिकता नाही, तो त्याचा हक्क आहे.

आधी चार-पाचजणांवर करून पाहा

पायलट केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सात मिनिटं जास्त होतात का, उताऱ्यातला कुठला शब्द अडतो, सगळ्यांना तीसपैकी अठ्ठावीस मुद्दे येतात का, हे पायलटमध्ये कळतं. सगळ्यांनाच सगळं आठवलं तर दोन पद्धतींतला फरक दिसायला जागाच उरत नाही. उतारा अवघड करा. या मंडळींचे आकडे मुख्य प्रयोगात धरायचे नाहीत.

त्यानंतर एका पानावर लिहून तारीख टाका: परिकल्पना, किती माणसं, गुण देण्याचे नियम, कुणाला वगळायचं, कुठली सांख्यिकी चाचणी लावायची. हे पान ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर मोफत नोंदवता येतं, निदान सरांना ईमेल करा. याची गरज का, तर २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय, म्हणजे नुसत्या योगायोगानं सहसा न येणारा, निकाल होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आला. आकडे बघून परिकल्पना बदलणं आणि नको ती माणसं वगळणं हे यामागचं एक कारण मानलं जातं.

फिशर १९३८ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी परिषदेत बोलले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशानं मेला एवढंच तो सांगू शकेल.

आकडे

प्रथम साधं करा: दोन्ही पद्धतींची सरासरी, प्रमाण विचलन, आणि प्रत्येकाचा गुण ठिपक्यानं दाखवणारी आकृती. एखादा ठिपका फार दूर असेल तर नोंदवहीत बघा, आकडा उतरवताना चूक झाली असेल. मग दोन वेगळ्या गटांसाठी स्वतंत्र नमुन्यांची टी चाचणी, त्याच माणसांसाठी जोडीची टी चाचणी. दोन सरासऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का, हे ती तपासते. जामोवी आणि जॅस्प ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि नवख्याला झेपतात.

पी मूल्याचा अर्थ सांगताना जाणती माणसंही घसरतात. फिशर यांच्या पुस्तकातला चहाचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. एक बाई म्हणाल्या की दूध आधी घातलं की चहा, हे मला चवीवरून कळतं. आठ कप घ्यायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठीनं. बाईंना काहीच कळत नाही असं धरलं तर नुसत्या अंदाजानं आठही बरोबर ओळखण्याची शक्यता ७० पैकी १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. पी मूल्य म्हणजे हे: फरक मुळीच नाही असं धरल्यास इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. परिकल्पना खरी असण्याची शक्यता ते सांगत नाही. फरक केवढा आहे हेही सांगत नाही. त्यासाठी परिणामाचं माप (फरक केवढा आहे) आणि विश्वासांतर (खरा फरक कुठल्या मर्यादांत असावा याचा अंदाज) द्या. 'पी ०.०५ पेक्षा कमी' एवढंच लिहून थांबलात तर वाचकाच्या हाती फारसं लागत नाही.

अहवाल

दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग जसाच्या तसा करता यावा, इतकी पद्धत लिहा: उतारा, मुद्द्यांची यादी, सूचनांचा कागद, चिठ्ठ्या कशा टाकल्या, किती जण आठवड्यानं आलेच नाहीत आणि ते कुठल्या गटातले होते. गळती एकाच गटात जास्त असेल तर ते ठळक लिहा, कारण उरलेले दोन गट मग सारखे राहिलेले नसतात. अपेक्षेविरुद्ध निकाल आला तरी तो तसाच मांडा.

नाव नसलेली आकड्यांची फाइल, गुणांचे नियम आणि उतारा विभागात ठेवून द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिला प्रयोग म्हणून हाच पुन्हा करता येईल, आणि तुमच्या चाळीस माणसांवरून आलेला आकडा किती टिकतो हेही तेव्हाच कळेल.